कापडी घुबडाच्या पोटात काय आहे?

मध्यंतरी एका ओळखीच्या ताईंनी मला फोटो पाठवला. वडील गेल्यानंतर त्यांचं कपाट आवरताना सगळ्यात वरच्या खणात, जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेलं एक कापडी घुबड निघालं. वितीपेक्षा थोडं लहान. तपकिरी-पांढरी लव, मोठे हिरवे डोळे, छोटी चोच. वडील साठच्या दशकात प्रशिक्षणासाठी पश्चिम जर्मनीत होते, तिथून आणलेलं असणार, एवढंच ताईंना आठवत होतं. पोटाची शिवण उसवली होती आणि हात लावला की आतून लाकडाचा चुरा गळत होता. त्यांनी विचारलं, "टाकून देऊ का? की इंटरनेटवर ज्यांचे हजारो रुपये येतात, त्यातलं हे आहे?"

मी त्यांना लगेच दोनच गोष्टी कळवल्या. टाकू नका, आणि काही झालं तरी धुऊ नका. बाकीचं उत्तर मोठं होतं, म्हणून हा लेख. जुन्या खेळण्यांच्या लिलावाच्या बातम्या अधूनमधून येतात, आकडे वाचून आपण थक्क होतो. पण एवढ्याशा कापडी पक्ष्यात असतं काय, हे सहसा कुणी सांगत नाही. ते कळायचं असेल, तर तो पक्षी शिवला कसा, तिथूनच सुरुवात करायला हवी.

गीन्गेन गावातली शिवणाची खोली

दक्षिण जर्मनीत ब्रेंत्स नदीकाठी गीन्गेन नावाचं गाव आहे. तिथे १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ यांचा जन्म झाला. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. पाय कायमचे गेले, उजव्या हातातही बळ उरलं नाही. तरी त्या हट्टाने शिवणकाम शिकल्या. शिलाई मशीनचं चाक उजव्या हाताने फिरवता येईना, म्हणून त्या मशीन उलटं करून ठेवत आणि डाव्या हाताने चाक फिरवत, असं त्यांच्याबद्दल सांगतात.

१८७७ साली त्यांनी फेल्टच्या कपड्यांचं दुकान काढलं. फेल्ट म्हणजे न विणता, लोकर दाबून-कुटून केलेलं कापड. आपल्याकडचं बुरणूस ज्यांनी पाहिलंय, त्यांना लगेच कळेल. या फेल्टचा एक गुण असा की कापल्यावर त्याचे दोरे सुटत नाहीत, म्हणून छोट्या वस्तूंना ते फार सोयीचं. १८८०च्या सुमारास एका मासिकातला नमुना पाहून मार्गारेटे यांनी फेल्टचा छोटा हत्ती शिवला. तो होता टाचण्या खोचायची गादी म्हणून. पण मुलांनी तो खेळायला उचलला आणि पुढचं सगळं त्या हत्तीच्या मागून आलं. १८९२ साली पहिली छापील यादी निघाली. १९०२ साली त्यांचा पुतण्या रिचर्ड याने हातपाय हलणारं अस्वल बेतलं, १९०३च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याचे ३००० नग मागवले, आणि १९०७ या एका वर्षात श्टाइफ कारखान्यातून ९,७४,००० अस्वलं बाहेर पडली.

मार्गारेटे १९०९ साली गेल्या. आपलं घुबड त्यांच्या हयातीतलं नाही. ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातलं. १९५०च्या दशकात या कारखान्याने 'विटी' नावाचं घुबड काढलं. (विटी-दांडूतल्या विटीशी या नावाचा संबंध नाही.) लहान-मोठ्या मापांत ते वर्षानुवर्षं विकलं गेलं. ताईंच्या हातात होतं ते बहुधा त्याच कारखान्यातलं. बहुधा का म्हणतोय, ते पुढे येईलच.

घुबडच का?

हा प्रश्न मराठी घरात हमखास निघतो. आपल्याकडे घुबड छपरावर बसलं की म्हातारी माणसं अजून कुजबुजतात. बंगालमध्ये मात्र तेच लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजेत असतं. युरोपात घुबड म्हणजे शहाणपण, कारण ग्रीकांची विद्येची देवता अथेना हिचा तो पक्षी. अथेन्सच्या प्राचीन नाण्यांवर तो होता आणि आजच्या ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावरही आहे. त्यामुळे जर्मन आईबापाला मुलाच्या उशाशी घुबड ठेवताना काही खटकत नाही.

शिवणाऱ्याच्या बाजूनेही घुबड सोयीचं आहे. लांब पाय नाहीत, लांब मान नाही, शरीर म्हणजे एक उभा गोल. आणि डोळे समोर. चिमणीचे, कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, घुबडाचे आपल्यासारखे पुढे पाहणारे. खऱ्या घुबडाला बुबुळं फिरवता येत नाहीत, ते त्याऐवजी मान जवळजवळ पाऊण फेरा फिरवतं. ही स्थिर, थेट, टक लावलेली नजर म्हणजेच खेळण्याचा सगळा जीव. म्हणून घुबड शिवायला सोपं आणि साधायला अवघड, असं माझं मत आहे. अस्वलाचे डोळे जरा चुकले तरी नाक, कान, हात सांभाळून घेतात. घुबडाला सांभाळून घेणारं दुसरं काहीच नसतं.

बकरीच्या केसांचं कापड

घुबडाच्या अंगावरची लव पाहून बहुतेकांना वाटतं ती लोकर असावी, नाहीतर नायलॉन. जुन्या चांगल्या खेळण्यांत ती असते मोहेअर. मोहेअर म्हणजे अंगोरा जातीच्या बकरीचे केस. अंगोरा हे अंकाराचं जुनं नाव, तुर्कस्तानातलं. नावावरून घोटाळा होतो, कारण अंगोरा नावाचा ससाही आहे आणि त्याच्या लोकरीला अंगोराच म्हणतात. खेळण्यातले केस सशाचे नव्हेत, बकरीचे. आज या केसांचा सर्वांत मोठा पुरवठा दक्षिण आफ्रिकेतून होतो. बकरीला मारत नाहीत, मेंढीसारखी वर्षातून साधारण दोनदा तिची कातरणी होते.

मोहेअरच का? केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. मेंढीच्या लोकरीत ते जरा उचललेले असतात, म्हणून लोकर एकमेकींत अडकते आणि धुतली की आटते. मोहेअरचे खवले चपटे बसलेले असतात. त्यामुळे केस गुळगुळीत, चकचकीत, रंग छान धरणारा आणि दाबला तरी परत उभा राहणारा. लहान मूल रोज कुशीत घेऊन झोपणार, त्या वस्तूला याहून चांगला केस सापडणं कठीण होतं.

आता या केसाचं लव असलेलं कापड कसं होतं, ते पाहण्यासारखं आहे. मागावर दोन सुती कापडं एकावर एक, थोडं अंतर ठेवून, एकाच वेळी विणली जातात. मोहेअरचा धागा या दोन्हींच्या मधून खालीवर जात राहतो, म्हणजे वरच्या कापडातून खालच्या कापडात, पुन्हा वर. मग मधोमध एक पातं सरकतं आणि तो मधला धागा कापत जातं. वड्यासाठी पाव आडवा कापल्यावर दोन्ही अर्धांवर आतला मऊ भाग दिसतो ना, अगदी तसं. एका विणीत दोन कापडं, दोन्हींच्या एका बाजूला उभी लव. मखमल विणायचीही हीच एक जुनी रीत आहे.

घुबडासाठी एवढ्यावर भागत नाही. पिसांचा भास व्हायला एकच रंग चालणार नाही. म्हणून काही कापडात केसाचं मूळ फिकट आणि टोक गडद रंगवलेलं असतं, फुंकर मारली की खालचा रंग दिसतो. पट्टे, ठिपके, डोळ्यांभोवतीची वलयं मात्र बऱ्याचदा शेवटी, शिवून झाल्यावर, हवेच्या दाबाने रंग उडवणाऱ्या छोट्या पिचकारीने हाताने मारतात. जुन्या खेळण्यावरचे हे फवारे फिके होतात, उन्हाने फारच लवकर. ताईंच्या घुबडाची पाठ पोटापेक्षा उजळ होती ती त्यामुळेच. कधीतरी ते खिडकीकडे पाठ करून बसलेलं असणार.

बेतणं, शिवणं, उलटवणं

ज्यांच्या घरी शिवणाचं मशीन आहे त्यांना हा भाग ओळखीचा वाटेल. तुकड्यांचे साचे कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून आखणी करतात. प्रत्येक तुकड्यावर लवेची दिशा बघावी लागते. पोटावरची लव खाली, पंखावरची मागे. एक तुकडा उलटा बेतला तर तो सगळ्यांत वेगळा चमकतो आणि पक्षी अंगावर ठिगळ लावल्यासारखा दिसतो. कापताना कात्रीचं टोक लवेच्या खालून सरकवून फक्त सुती पाठ कापायची, केस नाही. केस कापले गेले तर शिवणीजवळ टक्कल पडतं.

मग लव आत करून तुकडे जोडायचे, पोलक्याची बाही जोडतो तसे. एक फट उघडी ठेवायची, तिच्यातून सगळं अंग उलटवून बाहेर काढायचं. शिवणीत अडकलेले केस सुईने एकेक करून ओढून मोकळे करायचे. हे वेळखाऊ काम आहे आणि याच्यावरच बरंच काही अवलंबून असतं, कारण हे झालं की शिवण दिसेनाशी होते. चांगल्या जुन्या घुबडावर शिवण शोधायला बोट फिरवावं लागतं, डोळ्यांना सापडत नाही. चोच आणि पाय अशा बारीक भागांना लवेचं कापड जाड पडतं. तिथे फेल्टसारखी पातळ कापडं कामाला येतात.

पोट भरणं

ताईंना जो चुरा दिसला, तो मुळात भुसा नव्हता. त्याला जर्मनमध्ये 'लाकडी लोकर' अशा अर्थाचा शब्द आहे. सुतार रंधा मारतो तेव्हा कुरळ्या साली निघतात. त्याच साली दोऱ्याइतक्या बारीक आणि लांब काढल्या, तर त्यांचा जो गुंता होईल ती लाकडी लोकर. काचसामान, फळं पाठवताना पेटीत असलंच काहीतरी घालत. आपल्याकडे आंब्याच्या पेटीत पेंढा असतो, काम तेच.

हा गुंता एका लांब बोथट काडीने आत ठासतात. आधी कोपरे, म्हणजे टोकं, पंखांची मुळं. मग डोकं, मग पोट. कोपरा पोकळ राहिला तर नंतर काही करता येत नाही, पुढचं सगळं उपसावं लागतं. आणि ठासताना आकार हातानेच घडवत जातात. कुठे किती दाबायचं हे कुणी लिहून देत नाही. गाल किती फुगवायचे, छाती किती काढायची, हे भरणारीच्या मनगटाला ठाऊक असतं. शेवटी उघडी फट हाताने शिवतात, दोन्ही कडांच्या आतून आलटूनपालटून टाका घेत. दोरा ओढला की टाका आत जातो. गादीवाला शेवटची बाजू बंद करतो त्याची ही नाजूक बहीण. ताईंच्या घुबडाचा जो टाका गेला होता, तो हाच हाताचा शेवटचा टाका. जुनी खेळणी बहुतेक वेळा इथेच उघडतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: लाकडाने भरलेलं खेळणं कडक असणार, मग मूल त्याला जवळ कसं घेईल? खरंच ते कडक असतं. त्या काळात खेळण्याने नीट उभं राहावं, आकार सोडू नये, ही अपेक्षा होती. मऊपणासाठी दुसरा पर्याय होता तो सावरीच्या जातीतल्या कापसाचा. जुन्या घरांत सावरीच्या कापसाच्या उशा असायच्या, त्या आठवा. युद्धानंतर रबरी फोमचे तुकडे आले, आणि लोकांना ते फार आवडले. हलके, मऊ, धुता येणारे. पण फोमला म्हातारपण वाईट येतं. काही दशकांनी तो आधी कडक होतो, मग त्याचा पिवळट भुगा होतो आणि खेळणं आतून बसतं. त्याच कारखान्याची साठच्या दशकातली मऊ, कृत्रिम धाग्याची खेळणी आज या दुखण्याने ढासळताहेत. त्यांच्याहून जुनी, लाकूड भरलेली खेळणी मात्र ताठ बसलेली आहेत.

दोन काचेचे डोळे

सुरुवातीच्या काळात डोळे म्हणजे बुटांची काळी बटणं होती. मग काच आली. जर्मनीत थ्युरिंगिया भागातलं लाउशा हे काचकामाचं गाव. तिथल्या लुडविग म्युलर-उरी या कारागिराने १८३५ साली माणसांसाठी काचेचे कृत्रिम डोळे करायला सुरुवात केली. त्याच गावात बाहुल्यांचे आणि प्राण्यांचे डोळेही होऊ लागले. ज्योतीवर काच वितळवून तिला गोल आकार देतात, रंग आणि काळं बुबुळ चढवतात आणि मागे तारेची कडी बसवतात.

ही तार कापडातून आत जाते. तिला बांधलेला जाड दोरा डोक्याच्या पार मागून बाहेर काढून घट्ट ओढतात आणि गाठ मारतात. ओढ जरा जास्त झाली की डोळे खोल जातात आणि घुबड रागीट दिसतं. ओढ कमी पडली तर ते दचकलेलं दिसतं. दोन डोळ्यांमधलं अंतर एका तांदळाच्या दाण्याने बदललं तरी चेहरा बदलतो. म्हणूनच एकाच दिवशी, एकाच साच्यातून आलेली दोन घुबडं शेजारी ठेवली तर ती भावंडं वाटतात, जुळी नाही.

पुढे प्लास्टिकचे डोळे आले. ओळखायची सोपी खूण म्हणजे डोळा हलकेच गालाला लावून पाहायचा. काच गार लागते.

'कारखान्यातलंच ना? मग हाताचं कौतुक कशाला?'

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो, आणि त्यामागचा गैरसमज मला मोडायचा आहे. कारखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एका टोकाने कापड गिळणारं आणि दुसऱ्या टोकाने खेळणं टाकणारं यंत्र येतं. गीन्गेनच्या कारखान्यात शिवायला मशिनं होती. पण केस सोडवणं, ठासणं, डोळे बांधणं, शेवटचा टाका, रंगाचा फवारा, हे सगळं माणसांच्या हातात होतं, आणि ही माणसं बहुतांशी बाया होत्या. १९०३ साली तिथे काचेच्या भिंतींची एक तीनमजली इमारत उभी राहिली, इतक्या बायकांना एकत्र बसून बारीक शिवणकाम करायला पुरेसा उजेड हवा होता म्हणून. ती इमारत आजही उभी आहे आणि वास्तुकलेचे अभ्यासक ती पाहायला जातात.

त्यांच्या नावांची चिठ्ठी कुठल्याच घुबडाला नाही. टाके मात्र आहेत.

आत काय भरलंय, त्याने काय फरक पडतो?

आता थोडं आडवळण घेतो, कारण या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर महाराष्ट्रात आहे, आणि तेही घुबडाचंच. हे घुबड मात्र खेळण्यातलं नाही.

वनपिंगळा हा आपल्या सातपुड्याच्या जंगलातला छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८८४ नंतर तो कुणालाच दिसला नव्हता, नामशेष झाला असंच धरलं जात होतं. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे मोजकेच, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके नमुने होते. संग्रहालयातला नमुना म्हणजे पक्ष्याचं कातडं सोडवून, आत कापूस वगैरे भरून, शिवून ठेवलेला पक्षी. पायाला चिठ्ठी: कुठे, कधी, कुणी मिळवला. एका नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की रिचर्ड माइनर्ट्सहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने तो १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीला मिळवला.

अमेरिकेतल्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांना या चिठ्ठीवर विश्वास बसेना. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरणांखाली घातला. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरायची आणि शिवायची एक लकब असते. या नमुन्यात आतून जी लकब दिसली ती जेम्स डेव्हिडसनची होती. डेव्हिडसन हे १८८०च्या दशकात खानदेशात काम केलेले ब्रिटिश सनदी अधिकारी. म्हणजे त्यांचा खानदेशातला पक्षी लंडनच्या संग्रहालयातून चोरला गेला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. चोराने बाहेरचं सगळं बदललं, पण आतल्या जुन्या हाताच्या खुणा पूर्ण पुसता आल्या नाहीत.

याचा परिणाम काय झाला? मांडवी यादीतून गळालं. खऱ्या नमुन्यांच्या खऱ्या ठिकाणी शोध घेतला गेला, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात वनपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. पुढे तो मेळघाटातही सापडला. पोटातला कापूस आणि एका माणसाचे टाके यांनी एक पक्षी पुन्हा आपल्या हाती लागला. ही हकिगत मी कितीही वेळा सांगितली तरी मला तितकाच आनंद होतो.

कापडी घुबडाला हाच नियम लागू आहे. चिठ्ठी बदलता येते, बटण लावता येतं. भरण आणि टाके बदलणं फार कठीण.

बटण आणि फीत

या कारखान्याची प्रसिद्ध खूण म्हणजे कानातलं बटण. नकलांचा सुळसुळाट झाल्यावर मार्गारेटे यांचा पुतण्या फ्रान्त्स याने १९०४ साली ही युक्ती काढली. प्रत्येक प्राण्याच्या डाव्या कानात धातूचं छोटं बटण. पहिल्या बटणावर हत्ती होता, नंतर कंपनीचं नाव आलं. बटणाखाली कापडी फीत: आधी पांढरी, १९२६च्या सुमारास लाल, १९३४च्या सुमारास पिवळी. युद्ध संपल्यावर गीन्गेन अमेरिकेच्या ताब्यातल्या भागात होतं, म्हणून त्या काही वर्षांतल्या खेळण्यांच्या शिवणीत 'यूएस झोन जर्मनी' असा उल्लेख असलेली पट्टीही सापडते.

घुबडाला बाहेर दिसणारा कान नसतो. डोक्यावर जी शिंगं दिसतात ती नुसती पिसं, खरे कान पिसांखाली दडलेले असतात. त्यामुळे पक्ष्यांना बटण बहुधा पंखाला किंवा शेपटीजवळ लावत. आणि मूल पहिलं काम करतं ते बटण ओढायचं. कित्येक आयांनी मूल गिळेल या भीतीने स्वतःच ते काढून टाकलं. म्हणून बटण नाही म्हणजे नकली, असं अजिबात नाही. बटण आहे म्हणजे अस्सल, असंही नाही. ताईंना मी पंखाच्या कडेचा जवळून फोटो मागितला. तिथे दोन बारीक भोकं होती आणि पिवळ्या फितीचा एक दोरा अडकलेला होता. बटणाशिवाय यापुढे मी जाणार नाही, म्हणून वर 'बहुधा' म्हटलं.

घरच्या घरी आणखी एक चाचणी करता येते. खेळण्याला धक्का न लावता, आपोआप गळलेला एखादा केस चिमट्यात धरून ज्योतीला लावायचा. मोहेअर जळताना डोक्याचा केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. हे खेळण्यापासून दूर, खिडकीशी करायचं.

मग किंमत किती?

१९९४ साली लंडनच्या ख्रिस्टीज लिलावात याच कारखान्याचं १९०४ सालचं 'टेडी गर्ल' नावाचं अस्वल १,१०,००० पौंडांना गेलं. असे आकडे वाचून घरातल्या प्रत्येक जुन्या खेळण्याकडे आशेने बघितलं जातं. ते अस्वल अगदी सुरुवातीच्या काळातलं होतं आणि एका नामवंत संग्राहकाच्या आयुष्यभराच्या सोबतीची पूर्ण हकिगत त्याच्यासोबत होती. पन्नास-साठच्या दशकातली छोटी घुबडं मोठ्या संख्येने झाली, वर्षानुवर्षं होत राहिली. ती प्रेमाने जमवली जातात, पण घर घ्यायला उपयोगी पडणार नाहीत. किंमत ठरते ती लव किती शाबूत आहे, डोळे मूळचे आहेत का, बटण-फीत आहे का आणि कुठून आलं हे ठाऊक आहे का, यावर. नव्याने रंगवलेलं, नव्या कापसाने फुगवलेलं घुबड डोळ्यांना छान दिसतं, पण जाणकाराच्या हातात त्याचं मोल घसरतं.

नातवंडांना खेळायला द्यावं का? नाही. तारेला बांधलेला काचेचा डोळा निखळला तर तो तोंडात जाऊ शकतो आणि तार उघडी पडते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते अशाच धोक्यांसाठी. साठ वर्षांचं घुबड मोठ्यांनी सांभाळायचं.

ताईंनी काय केलं

धुऊ नका म्हणालो, त्याचं कारण आता लक्षात आलं असेल. लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळायला फार वेळ लागतो, तोवर सुती पाठ कुजते आणि डोळ्यांच्या तारा गंजतात. मऊ ब्रशने लवेच्या दिशेने धूळ झाडायची, एवढंच. लवेत कसरीचा संशय असेल तर घुबड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, ती पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर गार लवेवर पाणी सुटतं. डांबरगोळ्या त्याला चिकटून ठेवायच्या नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, बुरशी हा खरा शत्रू. बंद डब्यापेक्षा सुती कापडात गुंडाळून हवेशीर जागा बरी.

ताईंनी गळलेला सगळा चुरा कागदावर जमवला आणि परत आत भरला. नवा कापूस घातला नाही. त्यांच्या सासूबाईंनी चष्मा लावून, तपकिरी सुती दोऱ्याने, जुन्या भोकांतूनच नऊ टाके घातले. मी त्यांना आणखी एक काम सांगितलं होतं, डेव्हिडसनच्या पक्ष्यामुळे सुचलेलं. त्यांनी एक जाड कागदाची चिठ्ठी केली, दोऱ्याने घुबडाच्या पायाला बांधली, आणि तिच्यावर वडिलांचं नाव, ते जर्मनीत होते ती वर्षं, आणि खाली 'पोटाचे टाके सासूबाईंचे' असं लिहून त्या दिवसाची तारीख घातली.